कॉर्कच्या टाइलचे कोपरे दर पावसाळ्यात उचलतात? आधी सुटलेली टाइल उलटी करून बघा

तक्रार जवळजवळ ठरलेली असते. मुलांच्या खोलीला किंवा बेडरूमला कॉर्कचं फ्लोअरिंग करून घेतलं, उन्हाळाभर छान राहिलं, जूनमध्ये मुंबईत पाऊस लागला आणि जुलैच्या मध्यापर्यंत टाइलांचे कोपरे वर यायला लागले. केर काढताना झाडू अडकतो, अनवाणी चाललं की पायाला टोकं लागतात. मिस्त्रीला बोलावलं, त्याने कोपऱ्याखाली गोंद भरून वर पाटा ठेवला, तेवढ्यापुरतं बसलं. डिसेंबरात तर सगळं आपोआप सपाट झालं. पुढच्या जुलैत पुन्हा तेच कोपरे, वर दोन-चार नवे.

मग फोन येतो आणि प्रश्नही ठरलेलाच असतो: "याहून स्ट्राँग गोंद कोणता?"

आम्ही फ्लोअरिंगचीच कामं करतो, त्यामुळे हा प्रश्न पाठ झालाय. गोंद ताकदीला कमी पडला म्हणून कॉर्क सुटलं असं क्वचितच दिसतं. बहुतेक वेळा गोंद चांगलाच असतो, पण त्या जमिनीसाठी नसतो, त्या टाइलसाठी नसतो किंवा त्या महिन्यात लावायचा नसतो. यातलं नेमकं काय झालं ते सुटलेल्या टाइलची पाठ बघितली की कळतं. ती न बघता नवा डबा आणलात तर पुढच्या जुलैचं काम आत्ताच ठरलं म्हणून समजा.

पुढचं सगळं चिकटवायच्या टाइलबद्दल आहे. म्हणजे ३०० बाय ३०० किंवा ६०० बाय ३०० मिलिमीटरच्या, ४ ते ६ मिलिमीटर जाडीच्या, अख्ख्या कॉर्कच्या टाइल. क्लिक करून बसवायच्या १० मिलिमीटरच्या आसपासच्या फळ्या वेगळ्या. त्यांच्या पोटात एचडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) असतं आणि त्या सहसा जमिनीला न चिकटवता तरंगत्या ठेवतात. त्या फुगल्या तर भिंतीकडेला सोडलेली जागा बघा, पाणी कुठून शिरलं ते बघा. गोंदाला दोष देऊ नका.

पाठ कशी बघायची

कोपरा आधीच सुटलाय तर पुट्टीचा पत्रा खाली सरकवून टाइल सावकाश उचला. अर्धी तुटली तरी चालेल, ती तशीही परत लावायची नाही. उजेडात नेऊन पाठ आणि तिच्याखालची जमीन, दोन्ही बघा. बोट फिरवा, नखाने खरवडा, वास घ्या.

गोंद सगळा टाइलच्या पाठीला आला आणि जमीन कोरी राहिली, तर गोंदाने जमीन धरलीच नाही. आता गोंदाचा थर नीट बघा. त्यावर करडी किंवा पांढरी भुकटी चिकटलेली असेल तर वरचा पोपडा कच्चा होता. मुंबईत हे फार दिसतं, कारण खड्डे भरायला भिंतीची पुट्टी, पीओपी नाहीतर पांढरं सिमेंट फासायची सवय आहे. भिंतीवर ते टिकतं. जमिनीवर पाय पडतात, कपाटाचं वजन येतं, वरून दमट हवा, मग पुट्टीच सुटते आणि टाइल तिला घेऊन वर येते. भुकटी नसेल आणि गोंद काचेसारखा गुळगुळीत निघाला असेल, तर खाली व्हिट्रिफाइड किंवा पॉलिश केलेली लादी होती आणि तिच्यावर काहीच प्रक्रिया न करता काम उरकलं.

उलट, गोंद जमिनीवर आणि टाइलची पाठ कोरी, असं असेल तर पाठीला गोंद कमी पडला. कॉर्कची पाठ खडबडीत असते, पहिला हात ती पिऊन टाकते. दोन्ही बाजूंना लावायचा गोंद असेल तर पाठीला दोन पातळ हात लागतात. घाईत एकच मारला जातो. काही टाइल कारखान्यातूनच पाठीला गोंद लावून येतात. तसल्या टाइलची पाठ किंचित चकाकते, हाताला रबरासारखी लागते. त्यांना फक्त जमिनीवर गोंद लावायचा असतो, पण तो त्याच जातीचा. पाठीवर एक आणि जमिनीवर भलताच, असं झालं की ते एकमेकांना धरत नाहीत.

दोन्हीकडे गोंद आहे, उचलताना तारा निघतात, बोटाला मऊ लागतो, तर तो वाळलेलाच नाही. हा सगळ्यात जास्त भेटणारा प्रकार. मुलुंडच्या एका घरी आम्ही बघायला गेलो तेव्हा विचारलं, "काकू, ही एक काढून बघू का?" त्या म्हणाल्या, "अरे काढ की, तशीही निघालीच आहे." काम होऊन आठ-नऊ महिने झाले होते. टाइलच्या कडेला बोटभर पट्टा पारदर्शक आणि कडक होता. मधला सगळा भाग मात्र अजून दुधासारखा पांढरा आणि लिबलिबीत. पाण्याच्या गोंदातलं पाणी कडेने सांध्यातून जेवढं गेलं तेवढं गेलं, बाकीचं आतच अडकलं. खाली व्हिट्रिफाइड, ती पाणी पीत नाही. वर कारखान्यातून लॅकर (वरचा संरक्षक लेप) लागून आलेली टाइल, तिच्यातूनही ओल बाहेर पडत नाही. मग ते पाणी कॉर्कच्या पाठीत शिरलं. पाठ फुगते, लॅकरची बाजू फुगत नाही, आणि टाइलच्या कडा तव्यावरच्या पापडासारख्या वर येतात. काकूंच्या मिस्त्रीने दरवेळी कोपऱ्याखाली भरला तोही पाण्याचाच गोंद. म्हणजे दरवेळी नवं पाणी.

चौथी तऱ्हा फसवी असते. दोन्हीकडे गोंद आहे, कोरडा आहे, पण दोन थर एकमेकांत मिसळलेलेच नाहीत. वर पातळ, मळकट पांढरी साय दिसते. हे रबरी गोंदाचं लक्षण, आणि ते बहुधा पावसाळ्यात केलेल्या कामात सापडतं. त्यातलं सॉल्व्हंट (गोंद पातळ ठेवणारं द्रव) झपाट्याने उडतं, उडताना गोंदाचा पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतलं बाष्प त्यावर बसतं. डोळ्यांना दिसेल न दिसेल अशी ओल. त्यावर टाइल दाबली की त्या दिवशी बसल्यासारखी वाटते, पण मधे पाण्याचा पापुद्रा असतो. गोंद लावून चहाला गेले आणि परत यायला उशीर झाला, तरीही जवळपास असंच होतं. फक्त तेव्हा साय नसते, गोंद नुसता मेलेला असतो.

आणि गोंद तपकिरी, साबणासारखा बुळबुळीत झालाय, आंबूस वास येतोय, आसपास पांढरा क्षार फुललाय, तर थांबा. ओल खालून येतेय. सिमेंटमधून येणारं पाणी क्षारयुक्त असतं आणि ते बरेचसे गोंद हळूहळू विरघळवून टाकतं. इथे जगातला कुठलाही गोंद आणा, उपयोग नाही. आधी पाणी बंद करायला लागेल.

कोणते कोपरे उचलतात, तेही लिहून ठेवा

कागदावर खोलीचा नकाशा काढून सुटलेल्या टाइलांवर फुल्या मारा. दोन मिनिटांचं काम आहे, पण यातून निम्मं निदान होतं.

सगळ्या खोलीत विखुरल्या असतील तर गोंद किंवा लावायची पद्धत चुकली. खिडकीखाली किंवा बाल्कनीच्या सरकत्या दाराजवळ एकवटल्या असतील तर पावसाचं पाणी आत येतंय. ट्रॅकमधली भोकं बुजलेली असतात, नाहीतर खिडकीच्या पट्टीखालचं सिलिकॉन गेलेलं असतं. दारातच असतील तर पायपुसण्याखाली ओल राहते.

बाथरूमच्या भिंतीला लागून रांगेत असतील तर जरा काळजीचं आहे. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. वॉटरप्रूफिंग गेलं की पाणी त्या कोब्यात साठतं आणि शेजारच्या खोलीच्या लादीखाली पसरतं. वरून काही दिसत नाही, खालच्या मजल्यावरच्यांच्या छतालाही कदाचित दिसत नाही, पण कॉर्क सांगतं. मग प्लंबर आधी, फ्लोअरिंगवाला नंतर. हा क्रम बदलायला आम्हाला पुष्कळ जण सांगतात, कारण प्लंबर आला की बाथरूम फोडणार. तरीही क्रम हाच.

ओल खालून येतेय का हे घरी बघायची सोपी तऱ्हा: सुटलेल्या टाइलखालची जमीन खरवडून स्वच्छ करा, त्यावर साधारण ४५ सेंटिमीटरचा चौकोनी जाड पारदर्शक प्लास्टिकचा कागद ठेवा आणि चारही बाजूंनी टेप मारून हवाबंद करा. किमान १६ तास हात लावू नका. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब जमले किंवा खालची जमीन गडद झाली तर ओल आहे. थेंब वरच्या बाजूला असतील तर ती खोलीतल्या हवेची, एसी लावून थंड केलेल्या खोलीत तसं होतं. ही चाचणी "ओल आहे" एवढं खात्रीने सांगते. काही दिसलं नाही म्हणून जमीन कोरडी ठण्ण आहे असं नाही. मोठं काम असेल तर ओल मोजायचं कार्बाइड मीटर असलेला माणूस बोलवा. सिमेंटच्या कोब्यात त्या मापाने २ टक्क्यांपेक्षा जास्त ओल असेल तर कॉर्क चिकटवत नाहीत. नव्याने कोबा घातला असेल तर इंचाला एक महिना हा वाळण्याचा जुना आडाखा आहे, आणि तो कोरड्या हवेसाठीचा आहे. जुलैत घातलेला कोबा त्या हिशेबाने वाळत नाही.

जमीन पाणी पिते की नाही

गोंद निवडायचा तो इथून. जमिनीवर पाण्याचे चार थेंब टाका आणि पाच-दहा मिनिटं बघा. थेंब जिरले तर जमीन पिणारी: साधा सिमेंटचा कोबा, आयपीएस (घोटलेली सिमेंटची जमीन), लेव्हलिंग कंपाउंड (जमीन सपाट करायला ओततात ते सिमेंटचं मिश्रण). थेंब तसेच मण्यासारखे उभे राहिले तर न पिणारी: व्हिट्रिफाइड, ग्रॅनाइट, पॉलिश केलेला मार्बल. मोझॅक आणि कोटा मधले. वर्षानुवर्षं मेण-पॉलिश झालं असेल तर तेही पीत नाहीत.

बाजारात कॉर्कसाठी म्हणून जे गोंद मिळतात त्यात मुख्य दोन जाती. एक, दाताच्या थापीने जमिनीवर पसरायचा आणि ओला असतानाच टाइल ठेवायची. हा बहुधा ॲक्रिलिकचा, पाण्याचा. टाइल थोडी सरकवता येते, म्हणून मिस्त्रींना आवडतो. पण त्यातलं पाणी जमिनीनेच प्यायला हवं. पिणाऱ्या जमिनीवर उत्तम, व्हिट्रिफाइडवर थेट लावला की मुलुंडसारखं होतं.

दुसरी जात पाण्याच्या कॉन्टॅक्ट गोंदाची. रोलरने जमिनीवर आणि टाइलच्या पाठीवर लावायचा, दोन्ही वाळू द्यायचे, मग टाइल ठेवायची. चिकटायच्या आधीच पाणी हवेत गेलेलं असतं, म्हणून खालची जमीन पिते की नाही याचा तेवढा प्रश्न येत नाही. जर्मन वाकोलचा डी ३५४० हा या जातीचा, खास कॉर्कसाठीचा. एकदा टाइल टेकली की हलवता येत नाही, त्यामुळे खोलीच्या मधोमध खडूचा दोरा मारून, कोरड्या टाइल मांडून बघितल्याशिवाय सुरुवात करू नये. मुंबईतल्या जुन्या लाद्यांवर कॉर्क लावायचं असेल तर आमची पसंती हिलाच. मेहनत दुप्पट आहे, मिस्त्री कुरकुरतो, पण टाइल राहते.

व्हिट्रिफाइडवर मात्र नुसता गोंद पुरत नाही. लाद्यांमधले सांधे ४ मिलिमीटरच्या कॉर्कमधून काही महिन्यांत वर उमटतात. रेती मिसळलेला पकड देणारा प्रायमर, त्यावर ३ मिलिमीटर सेल्फ-लेव्हलिंग कंपाउंड, तो पूर्ण वाळल्यावर गोंद, असा क्रम ठेवा. एक फायदा असा की मग जमीन पिणारी होते आणि दोन्ही जातींचे गोंद चालतात. २ मीटरची सरळ पट्टी ठेवून खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसायला नको. दार उघडतंय का हेही आत्ताच बघा. कंपाउंड आणि कॉर्क मिळून जमीन ७ मिलिमीटर वर येते, आणि आतून दार घासायला लागलं की सुताराला पुन्हा बोलवा.

मिस्त्री जे सुचवतो ते

पहिलं, लाकडाचा पांढरा गोंद. आपल्याकडे कुठल्याही पांढऱ्या गोंदाला फेव्हिकॉलच म्हणतात आणि तो प्रत्येक सुताराच्या पिशवीत असतो. हा पीव्हीए, लाकडाला लाकूड जोडायला बनवलेला. पाणी लागलं की मऊ होतो. घरात रोज लादी पुसली जाते, सांध्यातून थोडंथोडं पाणी उतरतंच. डब्यावर डी ३ लिहिलेलं दाखवून "हा वॉटरप्रूफ आहे" असं सांगतात. तो वर्ग लाकडी जोडांचा आहे, जमिनीला कॉर्क चिकटवण्याचा नाही.

दुसरं, पिवळा रबरी गोंद, ज्याला सगळे एसआर म्हणतात. सनमायका, रेक्झिन, फोम यांच्यासाठी रोज वापरात असतो. "साहेब, एसआर मारतो, मग बघा, निघणार नाही." कॉर्कलाही तो धरतो, यात खोटं नाही. तांत्रिकदृष्ट्या हा चुकीचा गोंद नाही, पण चार भिंतींच्या आत आख्खी खोलीभर जमिनीवर तो पसरणं मला मान्य नाही. सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साठते आणि पेट घेते. गिझर, गॅसची शेगडी, फ्रिजचं बटण, कशाचीही ठिणगी पुरते. देव्हाऱ्यातला दिवा आणि उदबत्तीसुद्धा. कामाच्या आधी त्या विझवायला सांगितलं की घरातली मोठी माणसं नाराज होतात, पण सांगावंच लागतं. वास दोन-तीन दिवस जात नाही, शेजारी सोसायटीत तक्रार करतात. त्यात पावसाळा असेल तर वर सांगितलेली पांढरी साय. पायऱ्यांचे नाक किंवा एखादी पट्टी अशा छोट्या कामाला ठीक.

तिसरं, लाद्या बसवायचा सिमेंटचा ॲडहेसिव्ह. "लादीच आहे ना, लादीचाच लावू." तो कडक होतो, कॉर्क मात्र हवेबरोबर थोडं कमी-जास्त होत राहतं, शिवाय तो ओला आणि क्षारयुक्त. इपॉक्सीही तशीच कडक आणि उगाच महाग. नको.

एमएस पॉलिमर आणि पॉलियुरेथेनचे गोंद मात्र चांगले आहेत, लाकडी फळ्यांना तर उत्तम. ते हवेतल्या बाष्पानेच कडक होतात, त्यामुळे मुंबईची हवा त्यांना मानवते, उलट डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा आधीच कडक व्हायला लागतात. अडचण एवढीच की कडक होईपर्यंत टाइल जागेवर दाबून राहायला हवी. ४ मिलिमीटरची कॉर्क टाइल मऊ असते, खाली गोंदाचे वळ राहिले तर वरून दिसतात. टाइलच्या कंपनीने नाव घेऊन परवानगी दिली असेल तरच वापरा.

कंपनीने काय लिहिलंय हे बघाच असं सांगतोय त्याला कारण आहे. कॉर्क म्हणजे ओकच्या एका जातीच्या झाडाची साल, जगातलं निम्म्याच्या आसपास पोर्तुगालात होतं. साल एकदा काढली की पुन्हा काढायला किमान ९ वर्षं थांबतात. तिचे दाणे करून, बाइंडर घालून, दाबून टाइल बनते. बाइंडर आणि लॅकर कोणतं, यावर कोणता गोंद चालेल ते ठरतं. पण तीच माहितीपत्रकं तिकडच्या हवेसाठी लिहिलेली असतात, साधारण १८ ते २५ अंश आणि ४० ते ६५ टक्के आर्द्रता धरून. "३० मिनिटं वाळू द्या" हे त्या हवेतलं. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. त्या दिवशी घड्याळ लावून काम केलं तर गोंद ओलाच दाबला जाणार.

घड्याळ नको, बोट लावा

पाण्याचा कॉन्टॅक्ट गोंद लावताना दुधाळ असतो, वाळत गेला की पारदर्शक होतो. सगळीकडे पारदर्शक झाला, एकही पांढरा ठिपका उरला नाही, की बोटाची मागची बाजू लावा. चिकट लागायला हवा, पण बोटाला येता कामा नये. तेव्हा टाइल ठेवा. कोपऱ्यात आणि भिंतीकडेला रोलरमधून जास्त गोंद पडतो, तिथे शेवटी वाळतो. नंतर उचलणारे कोपरे बरेचदा तेच असतात, म्हणून तिथे बोट लावून बघाच.

पंखा लावू का, असं हमखास विचारतात. थेट गोंदावर वारा नको. वर कातडी धरते आणि आत ओलं राहतं. एसी ड्राय मोडवर, दारं-खिडक्या बंद, हे बरं. पण हे पाण्याच्या गोंदासाठी. सॉल्व्हंटच्या गोंदाला एसी नको, खिडक्या उघड्याच हव्यात. पावसाळ्यात त्या उघडल्या की बाहेरची ओल आत. म्हणून एसआर आणि पावसाळा हे जमत नाही.

टाइल ठेवली की रबरी हातोडीने कडेकडेने ठोका, मग रोलर फिरवा. ४५ किलोचा फरशीचा रोलर मिळाला तर उत्तम, नाहीतर हातरोलरवर अंगाचं वजन टाकून दोन्ही दिशांनी. कॉन्टॅक्ट गोंदाला वेळेपेक्षा दाब महत्त्वाचा. वर पाटा ठेवून दोन दिवस वाट बघण्यापेक्षा एकदा जोरात रोलर फिरवलेला चांगला.

आणि टाइल खोलीत आणून, खोकी उघडून, दोन-तीन दिवस तशाच ठेवायच्या. ज्या हवेत तुम्ही राहणार त्या हवेत. दुकानाच्या एसीतून आणलेल्या कोरड्या टाइल त्याच दिवशी जुलैत लावल्या तर नंतर फुगून सांधे वर येतात. समजा ३०० मिलिमीटरची टाइल अर्धा मिलिमीटर वाढली. ३ मीटरच्या खोलीत अशा दहा टाइल, म्हणजे ५ मिलिमीटर, आणि ते जायला जागा कुठेच नाही. उलट, रिकाम्या फ्लॅटमध्ये खिडक्या उघड्या ठेवून भिजलेल्या हवेत लावल्या आणि मग रोज रात्री एसी सुरू झाला तर सांधे उघडतात.

म्हणूनच नोव्हेंबर ते मार्च हा कॉर्कचा हंगाम. गणपतीच्या आधी खोली तयार हवी, असं सगळ्यांना वाटतं. पण गणपती येतात ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे नेमके सगळ्यात वाईट दिवस. गणपतीसाठी रंग काढा, पडदे बदला. कॉर्क दिवाळीनंतर.

जे लावलंय त्याचं काय करायचं

मोजके कोपरे, दोन्हीकडे कॉन्टॅक्ट गोंद स्वच्छ, धूळ शिरलेली नाही: उष्णतेने तो पुन्हा चिकट होऊ शकतो. कोपऱ्यावर सुती कापड ठेवून कमी आचेची इस्त्री काही सेकंद, लॅकरला चटका लागणार नाही इतपत, लगेच हातरोलर. एका कोपऱ्यावर करून दोन दिवस बघा, टिकलं तर बाकीचे.

धूळ शिरली असेल किंवा गोंद मेला असेल तर ती टाइल काढायची. मधे पटाशीने फोडून कडांकडे या. सांध्यातून घुसलात तर शेजारची बिघडते. जुना गोंद पूर्ण खरवडा. त्यावरच नवा मारला तर तो जुन्याला धरेल, जमिनीला नाही. नवी टाइल जुन्याच खोक्यातली असेल तर रंग जुळतो, म्हणून पहिल्या कामाच्या वेळी अर्धं खोकं जास्त घेऊन माळ्यावर टाकायला सांगतो. कॉर्क उन्हाने फिकं होत जातं, त्यामुळे खिडकीजवळ थोडा फरक दिसणारच.

इन्स्टंट गोंद कोपऱ्यात भरू नका. तो ठिसूळ होतो, पहिल्याच पावसात तडकतो आणि कडेला पांढरा डाग सोडतो. सिलिकॉन तर मुळीच नको. सिलिकॉन लागलेल्या जागेवर पुढे कुठलाच गोंद बसत नाही, आणि तो पूर्ण काढणं जवळजवळ अशक्य.

सगळ्या खोलीखाली ओला पांढरा गोंद सापडला तर कोपरे शिवत बसू नका, सगळं उचलावं लागेल. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही. काकूंनाही आवडलं नव्हतं. पण निम्म्या टाइल ठेवून निम्म्या बदलल्या तर राहिलेल्या निम्म्या पुढच्या जुलैत उचलणार.

नवं झाल्यावर पहिले तीन दिवस ओलं पोतेरं नको, बाईंना आधीच सांगून ठेवा. नंतरही घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं. बादली ओतून लादी धुणं कॉर्कवर कधीच नाही, दिवाळीच्या साफसफाईतसुद्धा. लॅकर नसलेल्या टाइल घेतल्या असतील तर लावून झाल्यावर सांध्यांसकट पाण्याच्या पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात मारा, सांधे बंद होतात.

तळमजल्यावरची, जोत्यातून ओल चढणारी जुनी घरं, ज्यांच्या भिंतींना दर पावसाळ्यात गुडघ्याइतकी पोपडी सुटते, तिथे कॉर्क चिकटवायचं काम आम्ही घेत नाही, कुठल्याच गोंदाने. तिथे मोझॅकच घासून पॉलिश करा आणि पायाला ऊब हवी असेल तर चटई टाका.